वेल गेली, ओळख मागे राहिली

पावसाळा ओसरू लागला की आमच्याकडे डेंग्यूची साथ येते आणि तिच्या मागोमाग फळांच्या गाड्यांवर किवी दिसू लागते. एरवी ज्या घरात केळी आणि पेरूच्या पलीकडे फळ येत नाही, त्या घरातही आजारी माणसाच्या उशाशी दोन-चार किवी ठेवलेली असतात. ‘पेशी वाढतात’ असे कुणीतरी सांगितलेले असते. भावही नेमका त्याच दिवसांत चढतो. औषध म्हणून त्याचा किती उपयोग होतो हे डॉक्टरांनी सांगावे, तो या लेखाचा विषय नाही.

झाले असे की अशाच एका आजारातून उठलेला सहावीचा विद्यार्थी डब्यात किवी घेऊन आला. तपकिरी, केसाळ, अंड्यासारखे फळ. शेजारच्या मुलाने ते हातात घेऊन मला विचारले, “सर, हे त्या किवी पक्ष्याचं अंडं असतं का?” वर्ग हसला. मीही हसलो. पण हे नाव फळाला का मिळाले, असे त्याने पुढे विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ‘उद्या सांगतो’ म्हणालो. शिक्षकाचा ‘उद्या’ कधीकधी बराच लांबतो. माझाही लांबला, कारण या फळाचा शोध घेताना मी त्याच्या एका कमी प्रसिद्ध भावंडापाशी येऊन पोचलो आणि तिथेच रेंगाळलो. आज त्या भावंडाचाच इतिहास सांगायचा आहे.

एक फळ, तीन नावे

आधी बाजारातल्या मोठ्या किवीबद्दल थोडक्यात. हे फळ मूळचे चीनचे. तिथे त्याला ‘मिहौताओ’ म्हणतात. मिहौ म्हणजे माकड, ताओ म्हणजे पीच. माकडांचे पीच. सोळाव्या शतकात ली शिझेन या वैद्याने औषधी वनस्पतींचा जो प्रचंड ग्रंथ रचला, त्यात या फळाची नोंद आहे आणि माकडांना ते आवडते म्हणून हे नाव पडले, असा खुलासाही आहे.

१९०४ साली हे बी न्यूझीलंडला गेले. नेणारी कुणी वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हती. इझाबेल फ्रेझर ही वांगानुई गावातल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. तिची बहीण चीनमधल्या यीचांग शहरात मिशनमध्ये काम करत होती. बहिणीला भेटून परत येताना बाईंनी या फळाचे बी सोबत आणले. ते अलेक्झांडर ॲलिसन या बागायतदाराच्या हाती गेले आणि १९१० च्या सुमारास त्या वेलींना फळ धरले. पुढे हेवर्ड राइट या रोपवाटिकावाल्याने निवड करून जी जात तयार केली, तीच आज ‘हेवर्ड’ या नावाने जगभर विकली जाते. आपल्या गाडीवरची हिरवी किवी बहुधा तीच.

तोवर इंग्रजी बोलणारे लोक या फळाला ‘चायनीज गूजबेरी’ म्हणत. १९५९ मध्ये अमेरिकेला निर्यात करताना ऑकलंडच्या एका व्यापारी कंपनीला हे नाव अडचणीचे वाटू लागले. आधी ‘मेलनेट’ असे नाव सुचवले गेले. पण अमेरिकेत खरबूज आणि बेरी या दोन्हींवर जकात भारी होती. मग न्यूझीलंडच्या राष्ट्रीय पक्ष्याचे नाव फळाला लावले गेले. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. नाव खरोखर पक्ष्यावरूनच आले, आणि ते झाडापाशी नव्हे, व्यापाऱ्याच्या टेबलावर ठरले.

उर्दूच्या तासाला मी ‘बेल’ म्हणतो आणि मराठीच्या तासाला ‘वेल’. शब्द एकच, उच्चार थोडा बदललेला. पण मराठीत ‘बेल’ म्हटले तर मुलांच्या डोळ्यांपुढे वेगळेच झाड उभे राहते. नाव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेले की काय काय होते, याचा अनुभव दोन भाषा शिकवणाऱ्याला रोज येतो. म्हणूनच कदाचित या वेलीच्या गोष्टीत माझे मन गुंतले.

काटक किवी

ज्या भावंडाचा उल्लेख केला, त्याचे शास्त्रीय नाव ‘ॲक्टिनिडिया अर्ग्युटा’. मराठीत त्याला नाव नाही, कारण ते आपल्याकडे नाही. थंडी सोसण्याच्या त्याच्या ताकदीवरून आपण त्याला काटक किवी म्हणू. कोरिया, जपान, उत्तर चीन आणि रशियाचा अतिपूर्वेकडचा भाग हा त्याचा मुलूख. हिवाळ्यात पाने गळून वेल झोपी गेली की उणे ३० अंशांपर्यंतची थंडीही ती सोसते. मोठी किवी याच्या जवळपासही जात नाही. मात्र वसंतात फुटलेले कोवळे धुमारे फार नाजूक असतात. उशिरा पडलेल्या एका रात्रीच्या हिमाने ते काळे पडतात आणि त्या वर्षीचे फळ हातचे जाते.

फळ मोठ्या द्राक्षाएवढे. साल गुळगुळीत, केस नाहीत, सोलायची गरज नाही. तोंडात टाकायचे आणि खायचे. आतून मात्र कापले तर तीच हिरवी चकती, तेच काळे बारीक दाणे. ही फळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतात. पिकली तरी हिरवीच राहतात, त्यामुळे पानांच्या गर्दीत पटकन दिसत नाहीत. पिकल्यावर लवकर मऊ पडतात आणि फार टिकत नाहीत. मोठ्या किवीसारखे महिनोन् महिने शीतगृहात ठेवून जगभर पाठवणे या फळाला जमत नाही.

ही वेल लावणे म्हणजे द्राक्षासारखा भक्कम मांडव घालणे आले, कारण ती दहा मीटर आणि त्याहूनही लांब जाते आणि तिचे वजनही तसेच असते. पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. मुळाशी पाणी साचले की वेल मरते. फळ यायला तीन ते पाच वर्षे थांबावे लागते. दर हिवाळ्यात निर्दयपणे छाटणी करावी लागते. वर्षभरात वाढलेल्या लाकडापैकी अर्ध्याहून जास्त काढून टाकावे लागते. ही छाटणी वसंताआधीच उरकावी लागते, कारण रस चढू लागल्यावर कापले तर जखमेतून कितीतरी दिवस पाणी गळत राहते.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. आपल्याकडे पपई लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात रानातून कर्टुली आणणाऱ्या बायांना तर ते लहानपणापासून ठाऊक असते; कर्टुल्याचीही नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. काटक किवीच्या सहा ते आठ मादी वेलींमागे एक नर वेल लावतात. नर नसेल तर मादीला फळ नाही आणि नुसत्या नराला तर कधीच नाही. फूल येईपर्यंत मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

या कुळाला ‘ॲक्टिनिडिया’ हे नाव इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली याने १८३६ मध्ये दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ किरण; फुलाच्या मध्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे तंतू पसरलेले असतात, त्यावरून. लिंडलीपुढे जो नमुना होता तो नेपाळच्या डोंगरातला होता आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख नॅथनिएल वॉलिक याने तो १८२१ च्या सुमारास मिळवला होता. म्हणजे जगातल्या सगळ्या किवींचे शास्त्रीय आडनाव हिमालयातल्या एका रानटी वेलीवरून पडले आहे. ‘अर्ग्युटा’ म्हणजे दातेरी. पानाच्या कडेवरून दिलेले नाव. फळाचा उल्लेख आडनावातही नाही आणि नावातही नाही.

ज्यांच्या रानात ती होती

आता हीच वेल तिच्या घरच्या लोकांना कशी ठाऊक होती ते पाहू.

कोरियन भाषेत या फळाला ‘दारे’ म्हणतात. गोर्यो राजवटीच्या काळापासून चालत आलेल्या एका प्रसिद्ध लोकगीतात, संसाराला कंटाळून हिरव्या डोंगरात राहायला निघालेला माणूस रानद्राक्षांबरोबर याच फळाचे नाव घेतो. सोलमधल्या चांगदोक राजवाड्याच्या मागच्या बागेत याच जातीची एक वेल आहे. तिचे वय सुमारे ६०० वर्षे मानले जाते. राजवाडा बांधायला सुरुवात झाली ती पंधराव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे वेल कदाचित राजवाड्याच्याही आधीची. १९७५ मध्ये कोरियाने तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. गंमत अशी की ती नर वेल आहे. तिने आजवर एकही फळ दिलेले नाही, तरी लोकांनी तिला जपले.

जपानमध्ये तिला ‘सारुनाशी’ म्हणतात, म्हणजे माकडांची नासपती. चीनमध्ये माकडांचे पीच, जपानमध्ये माकडांची नासपती. दोन वेगळ्या देशांतल्या रानात फिरणाऱ्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली होती. पण जपान्यांनी या वेलीचे नुसते फळ खाल्ले नाही. शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात या वेलीचे पूल विणत. त्यातला एक आजही वापरात आहे : ४५ मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि नदीच्या पाण्यापासून १४ मीटर उंच. बाराव्या शतकाच्या शेवटी युद्धात हरलेल्या हेइके घराण्याचे लोक या खोऱ्यात लपले आणि शत्रू आला तर झटक्यात तोडता यावेत म्हणून त्यांनी वेलींचे पूल बांधले, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी असो नसो, पूल खरा आहे. आता त्याच्या आत सुरक्षेसाठी पोलादी दोर असतात, पण वेली दर तीन वर्षांनी नव्या घातल्या जातात. कोणती वेल किती जाड झाल्यावर कापावी, ती कशी वळवावी, किती वर्षांनी बदलावी, हे सगळे त्या खोऱ्यातली माणसे शिकत आणि शिकवत आली आहेत. त्यांची शाळा तीच.

उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर याच फळाला ‘कोकुवा’ म्हणतात. तिथले मूळ रहिवासी ऐनू लोक ते रानातून आणून खात. आणि त्याहून उत्तरेला, आमूर नदीच्या काठी, या वेलीची आणखी थंडी सोसणारी एक बहीण आहे. १८५० च्या दशकात रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल माक्सिमोविच तिथे गेला तेव्हा स्थानिक लोक तिला ज्या नावाने ओळखत, तेच नाव त्याने शास्त्रातही ठेवले : कोलोमिक्टा. एवढ्या मोठ्या कुळात स्थानिकांच्या तोंडचा शब्द शास्त्रीय नावात टिकल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. पुढे इवान मिचुरिन (१८५५–१९३५) या बागायतदाराने मध्य रशियातल्या कोझलोव गावात याच वेलींपासून खाण्याच्या जाती निवडण्याचे काम केले. रशियात ही वेल फळ म्हणून घरात आली. आज काटक किवीची जी जात सर्वांत जास्त लावली जाते तिचे ‘अनानासनाया’ हे नावही रशियनच आहे. अर्थ, अननसासारखी.

साप्पोरोचे गुरुजी

अमेरिकेत ही वेल पोचली ती मात्र वेगळ्या वाटेने, आणि ती वाट एका शाळेतून जाते.

१८६९ मध्ये जपानच्या मेइजी सरकारने एझो बेटाचे नाव बदलून होक्काइडो केले आणि तिथे वसाहत करण्यासाठी खास खाते उघडले. ऐनूंची जमीन नव्या वसाहतवाल्यांना वाटली जाऊ लागली. थंड प्रदेशात शेती कशी करायची हे शिकण्यासाठी सरकारने अमेरिकेतून जाणकार बोलावले. त्यांपैकी एक विल्यम स्मिथ क्लार्क. अमेरिकन यादवी युद्धात कर्नल झालेला, जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला आणि मॅसॅच्युसेट्स कृषी महाविद्यालयाचा अध्यक्ष. ऑगस्ट १८७६ मध्ये त्याने साप्पोरो कृषी महाविद्यालय सुरू केले. आज त्याचेच होक्काइडो विद्यापीठ झाले आहे. क्लार्क तिथे जेमतेम आठ-नऊ महिने होता. एप्रिल १८७७ मध्ये निरोप घेताना घोड्यावरून त्याने विद्यार्थ्यांना महत्त्वाकांक्षा बाळगण्याचा जो उपदेश केला, तो जपानमध्ये शाळकरी मुलांनाही पाठ असतो. इतक्या थोड्या काळात एवढी छाप पाडणारा शिक्षक विरळा. एक शिक्षक म्हणून मला त्याचा हेवा वाटतो.

क्लार्क शिकवत होता तसाच गोळाही करत होता. साप्पोरोच्या भोवतालच्या जंगलातून त्याने झाडांचे बी मायदेशी पाठवले. त्यात पुढे अमेरिकेच्या उद्यानांत नावाजलेला कात्सुरा वृक्ष होता आणि काटक किवीही होती. १८७७ च्या आसपास तिचे बी मॅसॅच्युसेट्सच्या मातीत पडले. काही वर्षांतच रोपवाटिकांच्या याद्यांमध्ये ती दिसू लागली.

इथे थोडे थांबू. क्लार्कला ती वेल कोणत्या रानात दिसली हे शोधता येईल. कोणत्या साली बी रुजले हेही कागदावर सापडेल. पण त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांना तिच्याबद्दल जे ठाऊक होते, ते बियांच्या पुडीत बांधले गेले नाही. बी आगबोटीतून गेले आणि ओळख किनाऱ्यावर राहिली. क्लार्कला दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. त्याच्या काळात सगळेच असे करत. पुढे त्याचे स्वतःचे आयुष्यही सुखाचे गेले नाही. खाणींच्या धंद्यात पडून १८८२ मध्ये त्याची कंपनी बुडाली, बदनामी झाली आणि १८८६ मध्ये तो वारला. पण बी नेणारा आणि बी जाणणारा ही दोन वेगळी माणसे होती, आणि दुसऱ्याचे नाव कुठेही लिहिलेले नाही, एवढे तरी इतिहासात नोंदवायला हवे.

सावलीची वेल

अमेरिकेच्या ईशान्येकडे त्या काळी धनवानांचे उन्हाळी वाडे उठत होते. व्हरांड्यांना, कमानींना, बागेतल्या मांडवांना भरभर वाढणारी, गर्द पानांची, कीड न लागणारी आणि हिवाळ्यात न मरणारी वेल हवी होती. काटक किवी त्या कामाला अगदी योग्य निघाली. तिचे फळ खाता येते हे कुणालाच ठाऊक नव्हते असे नाही. बॉस्टनच्या आर्नल्ड वृक्षोद्यानाचा संचालक चार्ल्स सार्जेंट १८९२ मध्ये स्वतः जपान फिरून आला होता. पण जाणकारांनी जाणणे वेगळे आणि घरात खाणे वेगळे. विकणाऱ्याच्या यादीत ती शोभेची वेल होती आणि विकत घेणाऱ्यानेही ती शोभेचीच म्हणून लावली.

शोभेसाठी लावताना नर-मादी कोण पाहतो? रोप नर निघाले तर फळ नाही. मादी निघाले आणि जवळ नर नसला तरी फळ नाही. मोठ्या किवीच्या बाबतीत नशीब किती आडवे येऊ शकते याचे एक उदाहरण आहे. अर्नेस्ट विल्सन हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा सर्वांत नावाजलेला वनस्पती-शोधक. त्यानेही चीनमधून मोठ्या किवीचे बी इंग्लंड-अमेरिकेला पाठवले होते. त्यातून वाढलेल्या सुरुवातीच्या वेली नर निघाल्या आणि तिथे फळाची गोष्ट तिथेच थांबली. इकडे वांगानुईच्या मुख्याध्यापिकेने आणलेल्या बियांतून नरही उगवले आणि मादीही. नामांकित शोधकाला जे साधले नाही ते सुट्टीवर गेलेल्या बाईंना साधले. आज किवी न्यूझीलंडची समजली जाते त्याचे मूळ इतके साधे आहे.

काटक किवीच्या नशिबी ते नव्हते. जिथे तिला फळ धरलेही, तिथे ती हिरवी फळे हिरव्या पानांत पिकली, मऊ पडली आणि गळून गेली. सत्तर-ऐंशी वर्षे, काही ठिकाणी शंभर वर्षे, माणसे तिच्या सावलीत बसली आणि वर पाहिले नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत कुठे ऑरेगॉन राज्यात आणि इतरत्र तिच्या व्यापारी बागा उभ्या राहिल्या आणि ‘किवी बेरी’ या नावाने ती डब्यांत भरून दुकानात आली. आणखी एक नाव, पुन्हा विक्रीसाठी दिलेले.

आक्रमक कोण?

या गोष्टीचा एक उत्तरार्ध आहे आणि तो मला जास्त विचार करायला लावतो.

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला लेनॉक्स नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे धनवानांचे वाडे होते. ॲस्पिनवॉल नावाचे मोठे हॉटेलही होते. ते १९३१ मध्ये जळून गेले. त्या जागेवर आज केनेडी पार्क या नावाने ओळखले जाणारे रान आहे. वाड्यांचे दिवस गेले, माळी गेले, मांडव पडले. वेली राहिल्या. छाटणारे कुणी नाही म्हटल्यावर त्या झाडांवर चढल्या, शेंड्यांवर पसरल्या, खालच्या रोपांचे ऊन अडवले, वजनाने फांद्या मोडल्या. गेल्या काही वर्षांत तिथे या वेलीविरुद्ध मोहीमच उघडावी लागली आहे. या जातीला ‘आक्रमक’ ठरवून तिच्या लागवडीवर बंदी घालावी का, यावर तिथे वाद झाले. एका बाजूला जंगल वाचवणारे, दुसऱ्या बाजूला ही वेल फळपीक म्हणून उभी करू पाहणारे. शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या विद्यापीठात तर तिच्या नव्या जाती तयार करण्याचे काम चालू आहे.

जंगल वाचवणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. गुदमरलेली झाडे डोळ्यांनी दिसतात. पक्षी आणि प्राणी फळ खाऊन बी पसरवू शकतात हेही खरे. तिथे ती वेल काढलीच पाहिजे. पण ‘परदेशातून आली म्हणून माजली’ एवढेच कारण सांगितले तर इतिहास अर्धा सांगितला जातो. ती स्वतःहून आली नव्हती. तिला बोलावले, विकत घेतले, दाराशी लावले आणि मग विसरून गेले. तीच वेल सोलमध्ये ६०० वर्षे राजवाड्याच्या बागेत उभी आहे. तीच वेल इया खोऱ्यात माणसांना नदीपार नेते. तिथे तिला कुणी शत्रू म्हणत नाही. तिथल्या रानात ती इतर झाडांबरोबर वाढली आणि तिथल्या माणसांना तिची वागणूक ठाऊक आहे.

छाटणीची गोष्ट मी वर सांगितली ती याचसाठी. जो या वेलीचे फळ खातो तो दर हिवाळ्यात कात्री घेऊन तिच्यापुढे उभा राहतो, कारण छाटल्याशिवाय चांगले फळ मिळत नाही. ज्याला नुसती सावली हवी असते त्याला छाटायचे कारणच नसते. लेनॉक्सच्या वाड्यांत कुणी सप्टेंबरमध्ये वर पाहून एक फळ तोंडात टाकले असते, त्याची चटक लागली असती, तर मागे राहिलेल्या वेलींना निदान एखादा धनी तरी मिळाला असता. रान वाचलेच असते असे मी म्हणत नाही. पण ओळख असती तर जबाबदारीही आली असती, एवढे नक्की.

आपल्याकडची हकिगत

भारतात मोठी किवी लावण्याचा पहिला प्रयत्न १९६० मध्ये बंगळूरच्या लालबागेत झाला. तिथे पुरेशी थंडी नसल्याने फळ आले नाही. १९६३ मध्ये शिमल्यातल्या फागली इथल्या केंद्रात परदेशी जातींची रोपे लावली गेली आणि १९६९ मध्ये तिथे फळे धरली. मग हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल असा तिचा प्रवास झाला. आपल्या दख्खनच्या पठारावर ती येणार नाही. तिला हिवाळ्यातली जी लांब, गार झोप लागते ती आपण तिला देऊ शकत नाही. काटक किवीला तर त्याहून नाही. तेव्हा रोप मागवण्याच्या जाहिरातींना भुलून कुणी सोलापूर-जळगावात मांडव घालू नये, हा या लेखातला एकमेव शेतीविषयक सल्ला.

पण एक गोष्ट मनाला लागते. अरुणाचलच्या जंगलात किवीच्या रानटी जाती आधीपासूनच आहेत. ज्या कुळाचे नाव हिमालयातल्या वेलीवरून पडले, त्या कुळाचे फळ आपल्याला न्यूझीलंडच्या पक्ष्याचे नाव लावून, परदेशी रोपांवरून भेटले. आपल्या डोंगरातली माणसे आपल्या रानवेलीबद्दल काय सांगतात, हे आपण तरी आधी कुठे विचारले?

अखेर मी त्या मुलाला उत्तर दिले. नाव पक्ष्याचे, पण फळ वेलीचे आणि वेल चीनची, असे सांगितले. मग सगळ्या वर्गाला एक काम दिले : घरी आजी-आजोबांना, नाना-नानींना विचारून या, पूर्वी रानातून कोणत्या वेलींचे फळ किंवा भाजी आणायचे, आणि त्यांना काय म्हणायचे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नऊ नावे झाली. त्यातली चार मला ठाऊक नव्हती. एका मुलीच्या नानीने तर कर्टुल्याची नर वेल कशी ओळखायची तेही सांगून पाठवले होते : फुलाच्या खाली इवलेसे काटेरी फळ दिसले तर मादी, नुसता देठ असला तर नर. मुलीने हे वर्गाला समजावून सांगितले, आणि त्या तासाला मी मागच्या बाकावर बसून ऐकले.